पावतीवर ‘इसार’ लिहून पैसे जप्त करणारे

जमीन घेताना आमच्या कुटुंबाचे पैसे अडकले, म्हणून हे लिहितोय. विक्रेता आणि मध्यस्थ बोलताना सतत ‘ॲडव्हान्स’ म्हणत होते. व्यवहार नाही जमला तर ॲडव्हान्स परत, असं मध्यस्थाने घरच्या सगळ्यांसमोर सांगितलं. कागद मात्र ‘इसार पावती’ म्हणून झाला. खालच्या बाजूला अट होती: मुदतीत खरेदीखत न केल्यास इसाराची रक्कम जप्त.

सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे विक्रेत्याच्या न फिटलेल्या कर्जाची नोंद, होती. ‘तुमच्या पैशांतूनच तो फेडतो,’ असं विक्रेता म्हणाला. पैसे घेतले आणि बोजा तसाच ठेवला. बोजा उतरत नाही तोवर आमची बँक कर्ज देईना. मुदत टळली आणि लगेच निरोप आला, तुमचा इसार बुडाला. पुढे कळलं की तीच जमीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवणं सुरू आहे, पुन्हा इसार मागून. असा राग आयुष्यात कधी आला नव्हता.

वकिलांनी फरक नीट समजावला. आगाऊ रक्कम हा किमतीचाच हप्ता. व्यवहार फिसकटला तर ती एरवी परत मागता येते. इसार ही शब्द पाळण्याची हमी असते, खरेदीदाराने माघार घेतली तर ती जाऊ शकते. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलंय की जप्तीसाठी करारातली अट स्पष्ट हवी आणि रक्कम खरोखर हमी म्हणून दिलेली हवी. शिवाय चूक विकणाऱ्याची असेल तर त्याला इसार गिळता येत नाही. नोटीस गेल्यावर काही रक्कम आली. बाकीसाठी दावा चालू आहे.

नव्या इमारतीत बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. दोन माणसांमधल्या जमिनीच्या सौद्याला हे कवच नाही, तिथे पावतीतली भाषाच कामी येते. म्हणून ‘विक्रेत्याने मुदतीत बोजा न उतरवल्यास संपूर्ण रक्कम परत’ हे वाक्य सहीपूर्वी घालून घ्या. आणि कर्ज फेडण्यासाठी म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ते त्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, खातेक्रमांकासह पावतीत तसं नोंदवून.