मैत्रिणीसोबत फोटोग्राफी: कॅमेरा दोघींत एक घ्यावा की आपापला?

"ताई, आम्ही दोघींनी निम्मे-निम्मे पैसे घालून एकच चांगला कॅमेरा घेतला तर?" शेजारच्या मुलीनं परवा जिन्यात थांबवून विचारलं. तिथल्या तिथे उत्तर द्यायला लागले आणि जाणवलं की हे नीट बसून लिहायला हवं. मी पुण्यातल्या कोथरूडची, माझी मैत्रीण हडपसरची, आणि आम्ही नेमकं हेच केलं होतं. तीन वर्षं कॅमेरा दोघींत एक होता. त्यानंतर दोघींचे दोन झाले, पण एकाच कंपनीचे. आमच्या ओळखीतल्या दोन मित्रांनी मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले, त्यांचंही जवळून पाहिलं आहे. म्हणजे मार्ग तीन: दोघींत एक, एकाच माउंटचे (म्हणजे लेन्स बसवायची खाच सारखी असलेले) दोन, किंवा ज्याचा त्याचा वेगळा.

पैशाचं आधी सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. तेवढ्याच पैशांत दोन साध्या बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) येतात किंवा एक बरी बॉडी आणि दोन बऱ्या लेन्स. त्यामुळे पहिला मार्ग स्वस्त, यात वाद नाही. पण माझ्या मते ठरवताना आधी दुसराच प्रश्न विचारावा: तुम्हाला ज्याचे फोटो काढायचे आहेत ते तुमच्यासाठी थांबतं का?

मंडईचं घ्या. १८८६ सालची ती इमारत कुठे पळून जात नाही. आम्ही रविवारी सकाळी जायचो. एकीच्या हातात कॅमेरा असायचा आणि दुसरी भाजीवाल्या मावशींशी बोलत बसायची, कोथिंबिरीचा भाव विचारायची, फोटो काढला तर चालेल का ते विचारायची. मावशी मोकळ्या झाल्या की कॅमेरेवालीला हवा तो चेहरा मिळायचा. दोघी कॅमेरे रोखून उभ्या राहिलो असतो तर त्या मावशींनी पदर सावरून तोंड फिरवलं असतं. गर्दीत आणि माणसांत दोघींत एक कॅमेरा हा मला आजही फायद्याचा वाटतो.

शिकण्यासाठी तर याहून चांगली सोय नाही. पाताळेश्वराच्या लेण्यात आत उजेड कमी आणि बाहेर लख्ख ऊन. एकाच ठिकाणी उभं राहून, तीच लेन्स लावून आम्ही आळीपाळीनं फोटो काढायचो. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवून खांबावरचा दगड दिसेल असं बघायची, ती तो काळाच ठेवून दारातल्या माणसाची आकृती पकडायची. यंत्र तेच, उजेड तोच, म्हणजे फरक उरला तो फक्त नजरेचा. दोन वेगळे कॅमेरे असते तर "तुझी लेन्स चांगली आहे" म्हणून मी सुटले असते.

आता कवडीपाट. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठावर. नदीची अवस्था पाहून जीव तुटतो, काठाला प्लॅस्टिक लागलेलं असतं, तरीही हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरतात, शेकाटे पाण्यात चालत असतात, धोबी पक्षी दगडादगडावर शेपटी हलवत असतात. अंधारात निघून तिथे पोचायचं आणि धुक्यातून पहिलं ऊन आलं की जेमतेम अर्धा तास तो मऊ उजेड. आम्ही दहा-दहा मिनिटांची पाळी ठरवली होती. तिच्या पाळीत चक्रवाकांची जोडी पाण्यावरून उठली. माझ्याकडे दुर्बीण होती, मी आधी पाहिली आणि ओरडले. तिनं मला मिळावा म्हणून घाईनं कॅमेरा माझ्या हातात दिला. तेवढ्यात जोडी पुलापलीकडे गेली होती. ना तिला फोटो मिळाला, ना मला. परतीच्या वाटेवर चहा घेताना दोघी गप्प होतो. तिचं चुकलं नव्हतं, माझंही नव्हतं. असा उजेड दोघींत वाटून घेता येत नाही, एवढंच होतं ते. पक्षी, पालखी, विसर्जनाची मिरवणूक यांतलं काही तुमच्या यादीत वर असेल तर एका कॅमेऱ्याचा विचार सोडा.

रोजच्या वापरात आणखी बारीक गोष्टी छळतात. आमच्या चष्म्यांचे नंबर वेगळे. व्ह्यूफाइंडरशेजारी, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीशेजारी, डायऑप्टरची छोटी चकती असते, ती हात बदलताना दर वेळी फिरवावी लागते. नाही फिरवली तर फोकस बरोबर असूनही सगळं धूसर दिसतं आणि माणूस लेन्सला दोष देतो. तिनं एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे एकवर ठेवलं की माझे पुढचे वीस फोटो काळवंडलेले. त्यावर उपाय आहे. बऱ्याच मधल्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत स्वतःची मांडणी (सेटिंग) साठवायची सोय असते, डायलवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ असं लिहिलेलं असतं. एक तुझी, एक माझी असं ठरवून टाका. मेमरी कार्डंही दोन घ्या, कारण फोटो कोणी काढला याची नोंद कॅमेरा स्वतःहून ठेवत नाही.

आणि ती नोंद लागते. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. कॅमेऱ्यात पैसे कोणाचे किती, याचा त्याच्याशी संबंध नाही. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या किंवा नोकरीत काढलेल्या फोटोंचे हक्क वेगळ्या नियमानं ठरतात, पण छंदापुरतं हे स्पष्ट आहे. आमच्या एका एकत्र अल्बममधला मंडईचा फोटो कोणाचा, हे आम्हाला दोघींनाही आठवेना आणि तो स्पर्धेला पाठवायचा राहून गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्या भागीदारीला खरा तडा गेला तो पुण्याच्या पावसाळ्यात. जुलैमध्ये कॅमेरा तिच्याकडे होता, पुढे महिनाभर भेट झाली नाही. बॅग कपाटातच राहिली. तिला वाटत होतं मी नेईन, मला वाटत होतं ती काढून वारा देत असेल. सप्टेंबरात लेन्स उजेडाकडे धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दोन घरांत फिरणाऱ्या वस्तूला असं होतंच, तिची काळजी नेमकी कोणी घ्यायची ते ठरलेलं नसतं. आता आम्ही घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवतो. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं.

त्यानंतर तिनं जुनी, वापरलेली पण चांगल्या स्थितीतली बॉडी घेतली, माझ्या माउंटचीच. हा दुसरा मार्ग, आणि माझं मत सरळ यालाच आहे. बॉडी आपापली, लेन्स दोघींच्या. माझ्याकडे एफ/१.८ ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, पन्नास मिमी लेन्स, तिच्याकडे ७०-३०० मिमीची झूम. १.६ क्रॉप असलेल्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर ३०० मिमीचा दृश्यकोन ४८० मिमीच्या लेन्सइतका होतो, कवडीपाटला तेवढी लांबी उपयोगी पडते. एकीनं मोठ्या लेन्सनं पक्षी टिपायचे, दुसरीनं तिथलाच नदीचा देखावा. बॅटऱ्याही एकमेकींच्या चालतात, पण त्यासाठी माउंट सारखं असून भागत नाही, मॉडेल पाहून घ्यावं लागतं.

"एकाच कंपनीचे" म्हणजे सगळं सगळ्याला बसेल असं मात्र समजू नका. कॅननच्या लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम, ईएफ बॉडीला बसत नाहीत. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स त्यांवर हातानंच फोकस करावी लागते, आणि डी७५०० वर तीच लेन्स आपोआप फोकस करते. एकीनं मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या प्रकारचा कॅमेरा) घेतला तर देवाणघेवाण एकतर्फी होते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी अंतर, तर २०१८ मध्ये आलेल्या आरएफमध्ये फक्त २०. मधली २४ मिमीची जागा अडॅप्टरनं भरून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते, नवी लेन्स जुन्या बॉडीवर काही केल्या चालत नाही. म्हणजे नवा कॅमेरा घेणारी मैत्रिणीच्या लेन्स वापरत राहते आणि मैत्रिणीला परत काही मिळत नाही. हे आधी मोकळेपणानं बोलून घ्या.

तिसऱ्या मार्गाबद्दल थोडक्यात. आमच्या त्या मित्रांत एकाकडे कॅनन, दुसऱ्याकडे निकॉन. लेन्स चढवायची दिशा उलटी, झूमची कडी उलटी फिरते, रॉ फायलीही (प्रक्रिया न केलेल्या मूळ फायली) वेगळ्या. दिवसभर कॅमेरे अदलाबदल करून पाहण्यात त्यांना मजा येते, पण वाटून घेण्यासारखं ट्रायपॉड आणि कार्डं सोडून काही उरत नाही. कॅमेरे आधीच घरात असतील तर ते विकून खटाटोप करू नका. नव्यानं घेत असाल तर मी हा मार्ग सुचवणार नाही.

शेजारच्या मुलीला मी म्हटलं, कॅमेरा कधीच हातात धरला नसेल तर पहिलं वर्ष दोघींत एक वापरा, वापरलेला असला तरी चालेल. खरेदीच्या दिवशीच एका कागदावर लिहा: बिल कोणाच्या नावावर, पावसाळ्यात डबा कोणाकडे, आणि एकीची बदली झाली किंवा लग्न होऊन ती गाव सोडून गेली तर दुसरीनं तिला किती द्यायचे. आम्ही हे लिहिलं नव्हतं. दुसरी बॉडी आली तेव्हा पहिलीची किंमत ठरवायला आम्हाला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही कुठेच फोटो काढायला गेलो नाही.