पेट्रोलच्या पावत्या, की सरळ ४४ एडीए?

मी इंटिरियरची कामं करतो. फक्त फी घेतो. प्लायवूड, हार्डवेअर ग्राहक परस्पर घेतो. पुण्यातून चाकण, तळेगाव, कधी शिरवळ, त्यामुळे गाडी सतत पळत असते. एवढं पेट्रोल जळतं तर ते खर्चात दाखवायचंच, या हट्टानं तीन वर्षं हिशेब ठेवला. आता ४४ एडीएत आहे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातल्या त्या कलमात (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलम ५८), जिथे व्यावसायिकाला खर्चाचा हिशेब न ठेवता ठरावीक नफा धरून कर भरता येतो.

हिशेबात मोह आहेच. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, वर गाडीचा १५ टक्के घसारा. ४४ एडीएत निम्मी जमा नफा धरली जाते; पेट्रोल उरलेल्या निम्म्यात आलंच, वेगळं मागता येत नाही. पेट्रोलवर जीएसटीचं क्रेडिट तसंही कुठेच नाही, तो मुद्दा सोडा.

माझं मन उडालं ते पावत्यांमुळे. वर्षभर बुटांच्या खोक्यात टाकत गेलो आणि रिटर्नच्या वेळी जुलैत खोकं उघडलं, तर उन्हाळ्यातल्या पावत्या चक्क कोऱ्या! थर्मल कागद, त्यात आधी डॅशबोर्डवर तापलेला. ज्या वाचता येत होत्या त्यातल्या निम्म्यांवर गाडीचा नंबरच नाही. यूपीआयनं भरलं की बँकेत नोंद राहते, खरं आहे. पण पैसे गेले एवढंच त्यातून कळतं, गाडी कुठे गेली ते नाही. आणि सीएंनी विचारलंच, "यातलं घरचं किती?" खासगी वापराचा वाटा वगळावाच लागतो. गणपतीला कोकणात गेलो होतो, सासरवाडीच्या फेऱ्या वेगळ्या. मी "तीस टक्के" म्हणालो. "लॉगबुक?" नव्हतं.

माझा सगळा खर्च जमेच्या निम्म्याच्या अलीकडे-पलीकडेच असतो, त्यामुळे एवढा खटाटोप मला तरी परवडला नाही. तुमच्याकडे ऑफिसभाडं, दोन पगार, गाडीच्या कर्जाचं व्याज असं सगळं असेल तर गणित कदाचित उलटं पडेल. पण निम्म्याहून कमी नफा दाखवला आणि उत्पन्न करपात्र असलं, की वह्यांबरोबर ऑडिटही येतं. त्याची फी आधी विचारून घ्या. ४४ एडीएची जमेची मर्यादा ५० लाख, रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. धंदेवाल्यांच्या ४४ एडी कलमासारखी, मधेच बाहेर पडलं की पाच वर्षं परत येता येत नाही, अशी अडकण इथे नाही, आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरला की झालं.

तरीही हिशेबच ठेवायचा असेल, तर पावतीचा फोटो पंपावरून गाडी हलवण्याआधीच काढा, आणि गाडीचा नंबर टाकायला सांगा.