नेपाळच्या अनाथ मुलांच्या शिबिराला जाणार असाल तर आधी हे वाचा

सलाम सगळ्यांना. हे लिहू की नको करत वर्ष गेलं, मम्मीचं म्हणणं झालं गेलं सोडून दे, लोक नावं ठेवतील, खरं गेल्या आठवड्यात त्याच शिबिराचा मेसेज परत आमच्या संडे स्कूलच्या ग्रुपवर आला आणि खाली दोघींनी "मी येणार" म्हणून हात जोडलेले पण टाकले, तेव्हा म्हटलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते, रविवारी बेळगावात आमच्या मंडळीत लहान मुलांचा वर्ग घेते. 2024 च्या फेब्रुवारीत उपासनेनंतर एक ब्रदर पाहुणे म्हणून आले होते. नाव लिहीत नाही. बोलायला अगदी आपल्यातले, "होय की", "बघा की", आई निपाणीकडची म्हणाले. त्यांनी साक्ष दिली, मग पडद्यावर फोटो दाखवले, डोंगराच्या कडेला एक घर, बावीस मुलं, सगळी अनाथ, आईबाप भूकंपात नाहीतर आजारपणात गेलेले. मे महिन्यात दहा दिवसांचं उन्हाळी शिबिर, गाणी, खेळ, बायबलच्या गोष्टी, आणि शिकवणारे हात हवेत. अर्ध्या बायका रडल्या, मी पण रडले. मला कुणी लॉटरी लागली म्हणून फोन केला असता तर मी एका मिनिटात कट केला असता. हे तसं नव्हतंच, इथं तर मलाच द्यायचं होतं ना, मग संशय कुठून येणार.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी रजिस्ट्रेशन 5,000. मग व्हिसा फी 4,500. मग व्हॉलंटिअर परमिट 6,000. मग राहणं-जेवण 14,000. आणि शेवटी, जायला आठ दिवस राहिले असताना, "एक मूल तुमचं" म्हणून वर्षाचा खर्च 9,000. झाले 38,500. रेल्वेचं तिकीट वेगळं, ते आपलं आपण. प्रत्येक वेळी मेसेजच्या आधी एक वचन यायचं आणि मग रक्कम. मी भिशी उचलली होती त्यातले दिले. सगळे पैसे गुगल पे वर, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर. पावती मागितली तर म्हणाले, "ताई, वर देवाकडं हिशोब लिहिला जातो." मला ते तेव्हा फार छान वाटलं होतं, आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पप्पांनी उद्यमबागेत फौंड्रीत तीस वर्षं काढलीत, त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "नेपाळला व्हिसा कशाला लागतोय गा?" ब्रदरना विचारलं तर म्हणाले, फिरायला लागत नाही, सेवेला लागतो. ऐकून घेतलं. खरी गोष्ट अशी की 1950 च्या करारापासून आपल्याला नेपाळला व्हिसा लागतच नाही. विमानानं गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार कार्ड दाखवावं लागतं, आधार चालत नाही, एवढंच. आम्ही सहाजण बेळगावहून पुणे, पुण्याहून गोरखपूर, तिथनं बसनं सीमेवरच्या सुनौलीला असे गेलो आणि कमानीखालून चालत पलीकडं गेलो, आमच्याकडं कुणी मान वर करून पण बघितलं नाही. व्हिसा फीचे 4,500 तिथंच रस्त्यावर मला कळले, खरं तेव्हा परत फिरायची हिंमत नव्हती, शिवाय मुलं वाट बघत असतील असं वाटत होतं. परमिट म्हणजे एक इंग्रजीतला कागद होता, गोल शिक्का मारलेला. तो दहा दिवसात कुणीही मागितला नाही.

सीमेपलीकडच्या भैरहवाहून पोखऱ्याला अख्खा दिवस बस. पोहोचलो तेव्हा मुलं दारात रांगेत उभी, हातात फुलं, "वेलकम दिदी" म्हणून गाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दाल-भात खाऊन मुलं आमच्यासमोर येऊन बसली आणि मला पहिली गोष्ट खटकली ती म्हणजे खुंटीवर लटकवलेले शाळेचे युनिफॉर्म, कडक इस्त्रीचे, आणि खाली बॅगा. शिक्षकाला हे दिसतंच. नेपाळात नवीन शाळा वैशाखात सुरू होते, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. मे महिन्यात सुट्टी आपल्याला असते, त्यांना नाही. आमचं उन्हाळी शिबिर व्हावं म्हणून बावीस पोरांना दहा दिवस शाळेतून घरी बसवलं होतं. घर सांभाळणाऱ्या मॅनेजरला विचारलं तर हसून म्हणाला, तुम्ही लांबून येता, मुलांना पण मजा.

मग फ्रॉक. मी खडेबाजारातनं सहा फ्रॉक नेले होते, आणि दोन किलो कुंदा. कुंदा कुठं गेला माहीत नाही, मुलांच्या तोंडात काही पडला नाही. फ्रॉक घालून फोटो काढायचे ठरले तेव्हा मी टॅग कापायला कात्री मागितली तर तिथल्या बाईंनी हात धरला, "टॅग नकाट्नु." कापू नका. फोटो झाले, संध्याकाळी फ्रॉक परत घडी घालून कपाटात. मला वाटलं सणासाठी ठेवले असतील.

आता मुख्य सांगते. माझ्या 9,000 मध्ये मला जी मुलगी "दिली" होती तिचा फोटो आणि नाव ब्रदरनी आधीच पाठवलं होतं. नाव ख्रिस्ती होतं. मी तिला त्या नावानं हाक मारली की ती यायची, मांडीवर बसायची. तिसऱ्या दिवशी आमच्यातली निपाणीची एक ताई तिला दुसऱ्याच नावानं हाक मारताना ऐकलं, आणि ती पळत तिच्याकडं गेली. रात्री आम्ही मोबाईल शेजारी शेजारी ठेवून बघितले. सहातल्या तिघांना तीच मुलगी, तोच फोटो, नावं तीन. आठ वर्षांची पोर, तिन्ही नावांना ओ देत होती, कोण कुठलं नाव घेणार हे तिनं पाठ करून ठेवलं होतं.

आपल्याला एक सोय असते, गोऱ्या लोकांना ती नसते, नेपाळी आपल्याच अक्षरात लिहितात. इकडं बेळगावात दुकानाच्या पाट्या, बसचे बोर्ड कन्नडमधले मला अजून अडखळत वाचावे लागतात आणि तिकडं परदेशात सगळं आपलं वाचता येतंय, याची गंमत वाटत होती पहिले दोन दिवस. चौथ्या दिवशी मुली अंघोळीला गेल्या असताना मी त्या मुलीच्या बॅगेतली शाळेची डायरी उघडली. चूक केली म्हणा. पहिल्या पानावर निळ्या पेननं लिहिलेलं, विद्यार्थीको नाम, तिथं चौथंच नाव, तिचं खरं. बुबाको नाम, म्हणजे बापाचं, लिहिलेलं. आमाको नाम, आईचं, लिहिलेलं. दोघांच्या नावापुढं "स्व." नाही. ठेगाना, म्हणजे पत्ता, हुम्ला. खाली फोन नंबर. अजून पाच-सहा डायऱ्या बघितल्या, एक सोडून सगळीकडं तेच.

संध्याकाळी मी तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. ती आधी दाराकडं बघितली, मग माझ्याकडं. माझं हिंदी आणि तिचं हिंदी सारखंच मोडकं, खरं "आमा कहाँ?" एवढं कळायला भाषा कशाला लागते. म्हणाली, "घरमा." बोटं मोजून दाखवली, तीन वर्षं झाली. बाप सोडायला आला नव्हता, गावातलाच एक काका घेऊन आला, चांगल्या शाळेत घालतो म्हणून, आणि बापानं त्याला पैसे दिले. म्हणजे बघा, तिच्या बापानं पण भरले आणि मी पण भरले, पोरगी एकच.

आल्यावर वाचलं तर हे नवीन नाही. हुम्लासारख्या डोंगरी जिल्ह्यातनं 1996 ते 2006 च्या यादवीच्या काळात दलालांनी आईबापांकडनं पैसे घेऊन मुलं काठमांडू-पोखऱ्याला आणली, कागदोपत्री अनाथ केली, आणि देणगीदार येत राहिले तशी घरं वाढत गेली. कंबोडियात 2011 ला सरकार आणि युनिसेफनं पाहणी केली तर अशा घरातल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा बाप जिवंत निघाले. आपण जितके जास्त जातो तितकी जास्त मुलं लागतात, असा तो धंदा आहे.

आणि एक गोष्ट ब्रदरनी मुद्दाम लपवली. पाचव्या दिवशी मी नोहाच्या तारवाची गोष्ट सांगत होते, पुठ्ठ्याचे हत्ती-जिराफ करून नेले होते, तेवढ्यात गेटवर कोणतरी अनोळखी माणूस आला आणि मॅनेजरनं धावत येऊन तारू उलटं करून भिंतीला लावलं, म्हणाला आंधळी कोशिंबीर खेळा, लवकर. नंतर शेजारच्या चर्चमधल्या एका पोरानं समजावलं (तिथं उपासना शनिवारी असते, सुट्टी शनिवारची म्हणून, चर्चेस उघड चालू आहेत, त्याला अडचण नाही) की धर्म बदलायला लावणं नेपाळात गुन्हा आहे, 2018 पासून लागू झालेल्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद, आणि परदेशी असेल तर शिक्षा भोगून देशाबाहेर. लहान मुलं, परकी माणसं, हातात बायबल, कुणी तक्रार केली असती तर आम्ही सहाजण कुठं असतो? आणि उलट बाजूनं बघा, आमच्याकडनं कुणी साधा पोलीस दाखला मागितला नव्हता. पासपोर्ट ऑफिसात 500 रुपयात मिळतो तो. दहा दिवस आम्ही त्या मुलांच्या खोल्यात झोपलो, आमच्यात एखादा वाईट माणूस असता तर?

परत यायच्या आदल्या दिवशी मी बाहेरच्या दुकानातनं 1098 ला फोन लावला, नेपाळची बाल हेल्पलाइन, आपल्याकडचाच नंबर. घराचा पत्ता, डायरीतली नावं, हुम्ला, सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. नंतर मला काही फोन आला नाही.

बेळगावला आल्यावर ब्रदरना विचारलं तर आधी प्रार्थना करूया म्हणाले, मग सैतान तुमच्या मनात शंका घालतोय म्हणाले, मग ब्लॉक. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर त्यांनी विचारलं पैसे कधी गेले, मी म्हटलं फेब्रुवारी ते एप्रिल, आणि जून चालू होता. पैसे गेल्या गेल्या काही तासात कळवलं तर खातं गोठवता येतं, दोन महिन्यांनी काय गोठवणार. मग सायबर पोलीस स्टेशनला गेलो, तिथं "कन्नडदल्ली बरेदु कोडि," म्हणून अर्ज परत दिला. मामाच्या ओळखीच्या एका सरांनी कन्नडात लिहून दिला, त्याची पोच आहे माझ्याकडं. साहेब माणूस चांगला होता, खरं त्यांचा प्रश्न बरोबर होता, तुम्ही गेलात, राहिलात, जेवलात, मग फसवणूक कुठली? व्हिसाचे 4,500 आणि एका मुलीचे तिघांकडनं 9,000, हे दोन मुद्दे तेवढे त्यांनी लिहून घेतले. म्हणून सांगते, कुणी पैसे मागितले की कशाचे मागितले ते मेसेजमध्ये लिहून घ्या, माझ्याकडं ते दोन मेसेज होते म्हणून निदान तेवढं तरी झालं. ट्रस्टच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपया घालू नका, माणूस कितीही गोड असू दे. पप्पा आणि मामा ब्रदरच्या घरी जाऊन बसले तेव्हा 10,000 परत मिळाले, बाकी गेले.

पैशापेक्षा जास्त लागलं ते मंडळीतलं बोलणं. "प्रभूच्या कामाची बदनामी कशाला करतीस?" दोन वडीलधाऱ्यांनी तोंडावर म्हटलं. निपाणीच्या ताईनं तर मला सांगितलं की तू तक्रारीत माझं नाव घालू नको, तिच्या सासरी माहीतच नाही तिनं किती भरले ते. मी नाही घातलं.

तर तो नवीन मेसेज. परत मे महिना, परत दहा दिवस, आता फी 46,000, "व्हिसासहित". खाली फोटोत एक मुलगी हसतेय, माझी ती नाही, दुसरीच कोणतरी, लहान आहे. अंगात पिवळा फ्रॉक. मी झूम करून बघितलं, काखेपाशी टॅग लोंबतोय, खडेबाजारातल्या दुकानाचा, 349 रुपये.