दोन मालिकांचा महासंगम की एकाच वाड्याचे जग?

भाताची लावणी उरकली की आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला रात्री लवकर जेवून टीव्हीसमोर बसण्याचे दिवस येतात. एका गोष्टीतली माणसे दुसऱ्या गोष्टीत भेटतात असे काही पाहायचे असेल तर कोठून सुरुवात करावी, असे या दिवसांत मला एक-दोघांनी तरी विचारलेले असते. अशा वेळी त्यांच्यासमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे दोन चालू मालिकांची चार दिवसांची भेट, जिला आपल्या वाहिन्या महासंगम म्हणतात. आणि दुसरी म्हणजे एकच कल्पित जग घेऊन पुढे-मागे सरकणारी पर्वे. दोन्हींवर मी पुष्कळ रात्री घालवल्या आहेत.

महासंगमाची गंमत मी नाकारणार नाही. २०१२ मध्ये ‘सीआयडी’ आणि ‘अदालत’ या मालिका एकत्र आल्या, तेव्हा शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न आणि रोनित रॉयचा के. डी. पाठक एकमेकांसमोर उभे राहणार, एवढ्याच गोष्टीसाठी आमच्या घरातली सारी माणसे वेळेवर जेवली होती. त्यातली खरी अडचणही तेव्हाच ध्यानात आली. एका जगात एसीपीने पकडलेला माणूस गुन्हेगार असतोच, आणि दुसऱ्या जगात पाठकने वकीलपत्र घेतलेला माणूस निर्दोष असतोच. हे दोन नियम एकाच खटल्यात आले की त्यांतला एक मोडायला हवा, पण वाहिनीला तर दोन्ही नायक शाबूत हवे असतात. “ह्यातलो एकय हरूचो नाय, तिसरोच कोण तरी गावतलो,” असे आमच्या आत्येने पहिल्या जाहिरातीच्या आधीच सांगून टाकले होते. तरीही कोणी जागचे उठले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करायला हवे. पुढे हेच पथक ‘तारक मेहता’च्या गोकुळधाममध्येही जाऊन आले, तेथे घाबरावे की हसावे, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

माझे मन मात्र विटले ते परदेशी महासंगमाने. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही अमेरिकी सुपरहिरोंची पाच भागांची कथा ‘सुपरगर्ल’, ‘बॅटवुमन’, ‘द फ्लॅश’, ‘ॲरो’ आणि ‘लेजेंड्स ऑफ टुमारो’ अशा पाच मालिकांमध्ये एकेक भाग करून वाटलेली आहे. पहिले तीन भाग डिसेंबर २०१९ मध्ये आणि उरलेले दोन जानेवारी २०२० मध्ये आले. मी ती बऱ्याच उशिरा, ऐन पावसाळ्यात, ॲपवर पाहायला घेतली. पहिला भाग म्हणजे ‘सुपरगर्ल’च्या पाचव्या पर्वातला नववा भाग, तो संपता संपता लाईट गेली. तासाभराने ती आल्यावर टीव्ही लावून, थांबलो होतो तेथून भाग पुन्हा सुरू करून मी मेणबत्ती विझवायला आत गेलो. परत येईपर्यंत ॲपने आपल्या अकलेने ‘सुपरगर्ल’चाच दहावा भाग सुरू केला होता, जो संकट संपून गेल्यानंतरचा आहे. मधले चारही भाग पाहिलेले नसताना त्या संकटातून काय उरले, हे मला तीन मिनिटांत कळले. (ते येथे सांगत नाही, निदान तुमचे तरी वाचो.) त्यानंतर पाचही मालिकांचा क्रम मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आणि उरलेली कथा पाहिली. ती वाईट नाही. कथा चांगली असेल तर एवढे कष्ट घ्यायला काय हरकत आहे, असे म्हणणाऱ्यांचे कदाचित बरोबरही असेल. पण जेवल्यावर एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात कॅलेंडर घेऊन बसण्याची मला तरी हौस नाही.

आमच्या भागात जत्रांमध्ये संयुक्त दशावतार होतो, तोही एका अर्थी महासंगमच. वेगवेगळ्या मंडळांचे नावाजलेले कलाकार एका रात्रीसाठी एकत्र येतात आणि ऐनवेळी सुचलेल्या संवादांनी एकमेकांना पेचात पकडतात. पण त्यासाठी आदल्या रात्री दुसऱ्या गावच्या देवळात जाऊन कोणाचा प्रयोग पाहून यावा लागत नाही. आख्यान त्याच मांडावर सुरू होते आणि तेथेच संपते. अमेरिकी मालिकांतही ही रीत पाळणारा एक जण आहे. रिचर्ड बेल्झरने रंगवलेला जॉन मंच नावाचा पोलीस डिटेक्टिव्ह १९९३ मध्ये ‘होमिसाइड’मध्ये आला, ती मालिका १९९९ मध्ये संपल्यावर ‘लॉ अँड ऑर्डर’च्या विशेष पथकात रुजू झाला आणि ‘द वायर’मध्येही एकदा डोकावून गेला. त्याचे मागचे काहीही पाहिलेले नसले तरी अडत नाही.

‘रात्रीस खेळ चाले’ या मराठी भयमालिकेकडे मी वळलो तो याच कारणाने. २०१६ चे पहिले पर्व वाड्याचे मालक अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून सुरू होते, २०१९ चे दुसरे मागे जाऊन जिवंत अण्णा आणि त्यांच्या आयुष्यात आलेली शेवंता दाखवते, आणि २०२१ चे तिसरे पुन्हा पुढे येते. तीन पर्वे, पण जग एकच. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीचे असल्यामुळे आमचा ओढा थोडा अधिक असेल, हे मान्य. चार दिवस लाईट नसली आणि चार भाग बुडाले, तरी परत आल्यावर वाडा जागेवर असतो, अण्णांची बायको माई सोसत असते, पांडूचा विसराळूपणा कायम असतो आणि अण्णांची नजरही सुधारलेली नसते. अर्थात रोजच्या मालिकेचा पाणचटपणा त्यातही आहे. एकेका दाराच्या करकरण्यावर किती वेळ काढावा, याला काही सुमार नाही. तिसऱ्या पर्वात शेवंता साकारणारी अभिनेत्री मध्येच बदलली, तेव्हा एका जगाचा आधार अखेर ओळखीच्या चेहऱ्यांवरच असतो, हे चांगलेच जाणवले. शिवाय त्यातली मालवणी मुंबईकरांना कळावी म्हणून बरीच मऊ केलेली वाटते, आणि आत्ये ती प्रत्येक वाक्याला दुरुस्त करते.

चाकरमानी पाच दिवसांच्या गणपतीला आले असतील आणि घरातल्या लहानमोठ्यांना एकत्र बसवायचे असेल, तर ‘सीआयडी’ आणि ‘अदालत’ची भेट खुशाल लावावी; ती आटोपशीर आहे आणि तिच्यासाठी काही लिहून ठेवावे लागत नाही. सबंध पावसाळा हाताशी असेल, तर मात्र मी ‘रात्रीस खेळ’चे दुसरे पर्व आधी आणि पहिले नंतर पाहायला सुचवेन. प्रसारणाचा क्रम उलटा होता हे खरे, पण शेवंता कोण हे कळल्यावर २०१६ मधल्या अण्णांच्या मृत्यूकडे पाहण्याची नजर बदलते, निदान माझी तरी बदलली. आत्येने तर त्या माणसासाठी हळहळायला साफ नकार दिला.