जुन्या स्प्लेंडरला २०डब्ल्यू-४० ऑइल: गिअरचा खडखडाट किती थांबतो?

भरपूर पळालेली हिरो होंडा स्प्लेंडर गिअर टाकताना वाजायला लागली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘जाड ऑइल टाकू, बसेल आवाज.’ सल्ला अर्धा खरा आहे. ९०० मिलीच्या पॅकमध्ये मिळणारं साधं मिनरल २०डब्ल्यू-४० जुन्या इंजिनासाठी चांगला सौदा आहे. इंजिन तापल्यावर दुसरा, तिसरा, चौथा टाकतानाचा कोरडा खटका त्याने नक्की मवाळ होतो. न्यूट्रलमधून पहिला टाकताना जो दणका बसतो, तो मात्र बहुतेक वेळा तसाच राहतो, कारण त्याचं मूळ क्लचमध्ये असतं. म्हणून पाचपैकी साडेतीन.

ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. कॅस्ट्रॉल घ्या, सर्वो घ्या नाहीतर मॅक; डब्याच्या मागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं आहे का तेवढं बघा (जासो हे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक). ‘एमबी’ असेल तर तो डबा परत ठेवा. ते ऑइल अ‍ॅक्टिव्हासारख्या कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असतं. स्प्लेंडरच्या क्लच प्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजत असतात. घर्षण कमी करणारं ऑइल पडलं तर प्लेटा घसरतात, चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. कारचं ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ ऑइल आणि वरून ओतायच्या ‘स्मूथ गिअर’वाल्या बाटल्या याच कारणासाठी टाळाव्यात.

आता जाडीचं गणित. १०डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-४० यांत दोन फरक आहेत: ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंड ऑइलची जाडी सांगतो, नंतरचा तापलेल्या ऑइलची. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची श्यानता, म्हणजे जाडी, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. म्हणजे उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की ४० ग्रेडचा थर दातांवर जास्त टिकतो, आणि झिजलेल्या इंजिनात ते जळतंही थोडं कमी. पण थंडीत उलटं. नाशिक-महाबळेश्वरकडे डिसेंबरच्या पहाटे २०डब्ल्यू ऑइल घट्ट असतं, प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि पहिला गिअर नेहमीपेक्षा मोठ्याने वाजतो. चालू करण्याआधी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी पुढेमागे ढकलली की प्लेटा सुटतात. इंजिन अजून झिजलेलं नसेल, आवाज नसेल, तर कंपनीने सांगितलेलं १०डब्ल्यू-३० सोडायचं कारण नाही.

पहिल्या गिअरचा दणका कुठून येतो हे समजलं की निम्मा खर्च वाचतो. या गिअरबॉक्सचे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात; गिअर टाकताना बाजूचे डॉग, म्हणजे चौकोनी खुंट्या, समोरच्या खाचेत जाऊन बसतात. क्लच पूर्ण सुटला नाही तर आतला शाफ्ट फिरतच राहतो आणि फिरती खुंटी थांबलेल्या खाचेवर आपटते. बारीकसा ‘टक्’ कुठल्याही नव्या गाडीतही येतो, तो दोष नव्हे. तपासणी सोपी आहे: गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन गरम करा, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका. मागचं चाक सावकाश फिरलं आणि ब्रेकचा नुसता स्पर्श होताच थांबलं तर ठीक. ब्रेक लावताच इंजिन बंद पडायला आलं तर क्लच ओढतोय, म्हणजे दाबूनही पूर्ण सुटत नाही, आणि तिथे कितीही भारी ऑइल ओतलं तरी पैसे वाया.

तेव्हा आधी क्लचची केबल. लिव्हरच्या टोकाला मोकळी हालचाल १० ते २० मिमी हवी. जुन्या गाड्यांवर ती बऱ्याचदा तीसेक मिमी झालेली असते आणि मालकाला सवय झालेली असते. हँडलकडचा अ‍ॅडजस्टर संपला असेल तर इंजिनाकडच्या नटवरून घ्या. केबलची एखादी तार तुटून आत फुगली असेल तर तिच्यात ऑइल सोडत न बसता सरळ नवी केबल टाका. आयडलिंगही (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) बघा: १४०० आरपीएमच्या आसपास हवं. थंडीत गाडी बंद पडते म्हणून वाढवून ठेवलेलं आयडलिंग हे दणक्याचं फुकटात बरं होणारं कारण आहे.

केबल नीट असूनही चाक ओढत असेल तर उजवं कव्हर उघडायला सांगा. मेकॅनिक प्लेटा बदलून मोकळा होतो. तुम्ही क्लच ड्रमची, म्हणजे प्लेटा ज्या भांड्यात बसतात त्याची, बोटं बघा. प्लेटांचे कान वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून त्या बोटांवर खाचा पडतात, आणि क्लच दाबल्यावर प्लेट सरकायची सोडून त्या खाचेत अडकते. नखाला जेमतेम लागणारी खाच बारीक कानशीने साफ होते. खोल असेल तर ड्रम बदलावा लागतो. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून बघा, वाकलेली प्लेट लगेच कळते. कव्हर परत बसवताना गॅस्केट नवीनच.

ऑइल बदलताना होणाऱ्या चुकाही याच आवाजाला हातभार लावतात. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, खालचा १७ नंबरचा बोल्ट काढून ऑइल पूर्ण गळू द्या. वॉशर नवा. बोल्ट जोर लावून आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. रॉकेल किंवा डिझेलने इंजिन ‘धुवून’ देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. आत उरलेलं रॉकेल नवं ऑइल पातळ करतं. भरायचं ९०० मिली. लिटरचा डबा आणलाय म्हणून सगळा रिकामा करायचा नसतो. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढंच थांबा आणि डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघा. इंजिन ऑइल खात असेल तर हे दर पंधरवड्याला करा. ९०० मधले २०० मिली कमी झाले की गिअर आधी बोलतात, इंजिन नंतर. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतो. जाळी आणि सेंट्रिफ्यूगल (फिरण्याच्या जोराने गाळ वेगळा करणारा) फिल्टर असतो, आणि कव्हर उघडलंच आहे तर त्यातला काळा गाळ काढून घ्यावा.

गिअरबॉक्सचा वाटणारा बराच आवाज मुळात गिअरबॉक्सचा नसतोच. थ्रॉटल सोडल्या-दिल्यावर ‘खडक्’ होत असेल तर मागच्या हबमधले रबर बघा. चाक पुढेमागे हलवल्यावर स्प्रॉकेट वेगळं हललं तर ते संपलेत. चेनला साधारण २५ मिमी झोल ठीक, चेन कव्हरवरचं रबरी बूच काढून तपासता येतो. गिअर अर्धवट पडत असेल तर गिअर लिव्हरचा १० नंबरचा बोल्ट आवळा आणि आतले दाते गुळगुळीत झालेत का पाहा.

थ्रॉटल सोडताच दुसरा गिअर निसटून न्यूट्रल होत असेल तर ऑइल, केबल, प्लेटा यांतलं काहीच उपयोगाचं नाही. डॉगच्या कडा गोल झाल्यात किंवा शिफ्ट फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, वाकलाय. इंजिन खाली उतरवून त्याचं कवच (केस) उघडावं लागेल. ते काम सांगताना झिजलेला गिअर आणि त्याचा जोडीदार दोन्ही बदलायला सांगा, बेअरिंग हाताने फिरवून बघायला सांगा आणि जुने पार्ट परत मागून घ्या.