५०६०, ९०६० एक्सटी की बी५८०: जुन्या मदरबोर्डवर कोणतं कार्ड बसवावं?

तासगावचा माझा मावसभाऊ सांगलीत वालचंदला शिकतो. द्राक्षाचे पैसे हातात आले की घरून ग्राफिक्स कार्डाला परवानगी आहे. "दादा, ५०६०च घेतो," म्हणाला. म्हणजे एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६०. मी त्याला थांबवलं. त्याच्याकडे बी४५० मदरबोर्ड आणि रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे. असे पीसी आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इंटेल आर्क बी५८०, एनव्हीडिया आरटीएक्स ५०६० आणि एएमडी आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी ही कार्डं बाजारात आली तेव्हा त्यांच्या जाहीर किमती अनुक्रमे २४९, २९९ आणि ३४९ डॉलर होत्या. आपल्याकडचे भाव सतत हलतात, त्यामुळे ज्या दिवशी घ्यायचं त्याच दिवशी दोन-तीन दुकानांत विचारा.

खरा प्रश्न व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा आहे. ५०६० मध्ये ८ जीबी आहे. कार्डाच्या आत डेटा सेकंदाला ४४८ जीबी वेगाने धावतो. पण नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) हाय ठेवलं आणि ८ जीबी भरली, की उरलेला माल पीसीच्या रॅममधून स्लॉटवाटे, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून, आणावा लागतो. ५०६० ला लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) आठच, आणि बी४५० चा स्लॉट तिसऱ्या पिढीचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. गेम अडखळतो तो इथे. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगला दिसतो, पण वळणावर गाडी झटका खाते. ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत, आणि १६ जीबी असल्यामुळे ही वेळ मुळात फारशी येतच नाही. फ्रेम जनरेशनलाही, म्हणजे कार्डाने मधल्या जादा फ्रेम स्वतः बनवण्यालाही, व्हीरॅम लागते, हे ५०६० घेताना बरेच जण विसरतात.

तरी ५०६० वाईट नाही. १०८०पी (फुल एचडी) स्क्रीनवर व्हॅलोरंट, सीएस२ हे हलके गेम एवढंच खेळणाऱ्याला ८ जीबी पुरते. डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून एफपीएस वाढवणारं एनव्हीडियाचं तंत्र, जास्त गेममध्ये मिळतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग करणार असाल तर मी स्वतः एनव्हीडियाच घेईन.

बी५८० स्वस्त, शिवाय १२ जीबी. पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी मदरबोर्डच्या बायोसमधली सोय) चालू नसेल तर ते घेऊ नका. आणि तो चालू असला तरी या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, त्यामुळे ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर कार्डाची ताकद वाया जाते. नवा पीसी बांधणाऱ्याने जरूर विचार करावा.

वीज तिघांनाही बेताची लागते: ५०६० ला १४५ वॅट, ९०६० एक्सटी १६ जीबीला १६०, बी५८० ला १९०. पण एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, चांगल्या कंपनीचा, ५५० वॅटचा घ्या. एका उन्हाळ्यात वीज सारखी ये-जा करत होती, तेव्हा माझा बिननावाचा एसएमपीएस जळाला आणि मदरबोर्डही गेला. कार्डावर खर्च करून इथे हात आखडू नका.

मावसभावाला मी ९०६० एक्सटी सांगितलंय. त्याला चार-पाच वर्षं कार्ड बदलायचं नाही, मोठे गेम खेळायचेत आणि मदरबोर्डही तोच ठेवायचाय. मात्र याच नावाचं ८ जीबीचं कार्डही बाजारात आहे. बिलावर आणि खोक्यावर १६ लिहिलेलं बघूनच पैसे द्यायचे. आणि दुकानात जाण्याआधी कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून न्यायची. त्याचं कॅबिनेट लहान आहे, दोन पंख्यांचंच मॉडेल बसेल.