काँग पपी: चावऱ्या पिल्लासाठी घ्यावं का, आणि घेतलं तर कसं वापरावं

दोन ते नऊ महिन्यांच्या पिल्लासाठी एकच खेळणं घ्यायचं असेल तर काँग पपी हे आत खाऊ भरायचं रबरी खेळणं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र दुकानातून आणून ते तसंच रिकामं पिल्लापुढे टाकलं, तर पिल्लू दोन मिनिटं हुंगून पुन्हा तुमच्या पायजम्याच्या नाडीकडे वळेल. मग ‘एवढे पैसे वाया गेले’ म्हणत घरातले ते दिवाणाखाली सरकवतात. या रबराचा उपयोग सगळा त्यात काय भरता, किती भरता आणि कोणत्या वेळी देता यावर आहे. पाकिटावर यातलं फारसं काही नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहोत.

आधी वस्तूबद्दल. एकावर एक तीन फुगीर वळ्या, वर निमुळता आकार, आतून पोकळ. खाली मोठं भोक, वर बारीक. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम यांनी १९७६ साली काँग ही कंपनी सुरू केली. त्यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दातांची वाट लावत होता. फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग त्याला फार आवडला, आणि त्यावरून हा आकार निघाला. वळ्यांमुळे ते जमिनीवर पडलं की कुठल्या दिशेला उडेल याचा नेम नसतो, पिल्लाला त्याचीही मजा वाटते. वरचं बारीक भोक शोभेचं नाही. एकाच भोकाच्या पोकळ खेळण्यात जीभ घालून चाटताना आतली हवा ओढली जाते आणि जीभ अडकून सुजू शकते. दुसऱ्या भोकातून हवा येत राहते. स्वस्तातली नक्कल घेणार असाल तर किमान ही दोन भोकं बघूनच घ्या.

गुलाबी आणि निळा रंग पिल्लांसाठी, लाल मोठ्या कुत्र्यांसाठी, काळा फार जोरात चावणाऱ्यांसाठी. हा फरक नुसत्या रंगाचा नाही. पपीचं रबर अंगठ्याने दाबलं की सहज आत जातं, लाल तेवढं दबत नाही. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असतात, दात हलत असतात. त्यांना चावायला काहीतरी हवं असतंच, पण ते दबणारं हवं. ‘मोठं झाल्यावरही चालेल’ म्हणून आत्ताच लाल घेऊन ठेवण्यात काटकसर नाही.

आकार निवडताना बहुतेक लोक चुकतात. आज पिल्लू ओंजळीत मावतंय म्हणून सर्वांत लहान आकार घेतला जातो आणि दोन महिन्यांत तोच घशात अडकण्याइतका लहान ठरतो. खेळणं पूर्णच्या पूर्ण तोंडात, मागच्या दाढांच्या पलीकडे जाऊ शकेल असं वाटलं तर ते त्याच दिवशी काढून टाका. अंदाज म्हणून: लहान आकार साधारण ९ किलोपर्यंत, मध्यम ७ ते १६ किलो, मोठा १३ ते ३० किलो. आपल्या देशी पिल्लाला सुरुवातीपासून मध्यम घेतला तरी हरकत नाही. लॅब्रॅडॉरला मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यातच मोठा लागतो. दोन आकारांमध्ये अडलात तर मोठा घ्या.

आता भरणं. पहिल्या दिवशी त्यात ड्राय फूडचे दहा-पंधरा दाणे सुटे टाका, इतकंच. खेळणं ढकललं की दाणा बाहेर पडतो, हे पिल्लाला कळलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून हलकेच भरा, म्हणजे चाटून निघतील. ते सहज संपवायला लागलं की चमच्याने थोडं दाबून भरा. त्याच्याही पुढची पायरी फ्रीजरची. मध्यम आकारात पोहे खायच्या चमच्याने चार-पाच चमचे खाऊ मावतो आणि तो दिवसाच्या खाण्यातूनच वजा करायचा. वरचा म्हणून दिलात तर महिन्याभरात पिल्लाची कंबर दिसेनाशी होईल.

आमचं नेहमीचं मिश्रण असं: भिजवलेले दाणे तीन चमचे, उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक चमचा, बिनसाखरेचं दही अर्धा चमचा. दही पहिल्यांदा अगदी थोडं द्या, काहींचं पोट बिघडतं. भोपळ्याऐवजी बिनहाडांच्या उकडलेल्या चिकनचे रेषे किंवा पनीर चालतं. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. पीनट बटर वापरायचं तर बाटलीवर झायलिटॉल हा शब्द नाही ना, ते आधी वाचा. ते गोड द्रव्य कुत्र्यांना विषारी असतं. घरातलं उरलंसुरलं भरताना आणखी एक सांभाळा: कांदा-लसणाचा रस्सा, बेदाणे घातलेला शिरा, द्राक्षं, चॉकलेट यांतलं काहीही नको. ‘एवढ्याशा शिऱ्याने काय होतंय’ असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा.

फ्रीजरमध्ये ठेवायची रीत: बारीक भोक पनीरच्या तुकड्याने बुजवा, खेळणं उलटं करून स्टीलच्या पेल्यात बसवा, मोठ्या भोकातून मिश्रण भरा आणि तीन-चार तास ठेवा. पेल्यामुळे ते आडवं पडून सांडत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दगडासारखं गोठवलेलं देऊ नका. इवल्याशा जिभेने काही निघत नाही, पिल्लू कंटाळून निघून जातं आणि मग भरलेल्या खेळण्याकडेही ढुंकून पाहत नाही. त्या वयात नुसत्या फ्रीजमधलं गार पुरतं. पुढे गोठवलेलं एक खेळणं बहुतेक पिल्लांना वीस-तीस मिनिटं गुंतवून ठेवतं, आणि चाटून-चावून झाल्यावर बरीचशी तिथेच झोपी जातात.

ही झोप महत्त्वाची. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. आपल्याकडे नेमकी दिवेलागणीची वेळ चावण्याची असते. मुलं शाळेतून, मोठी माणसं ऑफिसातून आलेली, टीव्ही चालू, पिल्लू दमलेलं पण झोपू न दिलेलं. मग ते घरभर सुसाट धावतं आणि पोटऱ्या धरतं. अशा वेळी नाकावर चापट मारणं किंवा जबडा दाबून धरणं हे उपाय आजही सर्रास सांगितले जातात. चापटीने एकतर पिल्लू हाताला घाबरायला लागतं, नाहीतर त्याला तो खेळच वाटतो आणि ते आणखी जोरात चावतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात कुत्र्यांना फक्त बक्षिसाच्या पद्धतीने शिकवावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. घरात रोज संध्याकाळी हे पाळायचं तर हाताशी काहीतरी तयार असावं लागतं, आणि तिथे हे रबर कामी येतं.

पण द्यायची वेळ चुकवू नका. चावल्यानंतर लगेच भरलेलं काँग पुढे केलंत, तर चार दिवसांत पिल्लू शिकेल की पोटरी धरली की दहीभोपळा मिळतो. गोंधळ सातला सुरू होत असेल तर खेळणं पावणेसातला द्या. त्याच्या अंथरुणावर, एका ठरलेल्या कोपऱ्यात, दरवेळी तिथेच. मध्येच दात अंगाला लागले तर हात-पाय हलवणं थांबवा, आवाज न चढवता उठून दोन-चार सेकंद बाजूला व्हा, परत आल्यावर चावायला एखादं साधं, न भरलेलं खेळणं द्या. हे दिवसाला वीस वेळा करावं लागेल आणि घरातल्या प्रत्येकाने सारखंच करावं लागेल. आजोबा हात चावू देतात आणि आई ओरडते, अशा घरात पिल्लाला काहीच कळत नाही. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लांना जास्त वेळ लागतो, कारण किती जोरात चावलं की खेळ बंद होतो हे ती भावंडांत शिकतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. विकणारा ‘दीड महिन्याचं आहे, घेऊन जा’ म्हणत असेल तर तिथून घेऊच नका.

एकटं राहायला शिकवतानाही याचा चांगला उपयोग होतो. खेळणं द्या आणि शेजारीच बसा. पुढच्या वेळी उठून स्वयंपाकघरात जाऊन लगेच या. मग दार उघडून बंद करा, बाहेर दहा सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं. खाणं संपायच्या आत परत यायचं, हा नियम. फक्त घराबाहेर पडतानाच दिलंत तर पिल्लाला ते दिसताच तुम्ही निघालात हे कळतं आणि ते आधीच कावरंबावरं होतं, म्हणून तुम्ही घरात असतानाही देत जा. भरलेलं खेळणं तोंड न लावता तसंच पडून राहिलं आणि दाराशी लाळ किंवा ओरखडे दिसले, तर त्याला हट्टी म्हणू नका. पिल्लू इतकं घाबरलेलं होतं की त्याला खाणं सुचलं नाही. वेळ निम्म्यावर आणा आणि पुन्हा सुरुवात करा.

खेळणं काढून घेताना हिसकावणं ही सर्वांत वाईट सवय. चाटत असताना जवळून जा, त्याहून चविष्ट चिकनचा तुकडा शेजारी टाका आणि थांबू नका. काही दिवसांनी तुमची चाहूल लागताच पिल्लू मान वर करून शेपूट हलवेल. मग तुकडा जरा लांब टाकून खेळणं उचला, तपासा आणि परत द्या. पिल्लू गुरगुरलं तर रागावू नका, दोन पावलं मागे जा. गुरगुरणं दाबून टाकलेला कुत्रा पुढे इशारा न देता चावतो. लहान मुलांना तर भरल्या खेळण्याजवळ जाऊच देऊ नका.

तक्रारीही आहेत. पहिली मुंग्यांची: भिजवलेला खाऊ अर्ध्यावर राहिला की पंधरा मिनिटांत रांग लागते. पिल्लू बाजूला झालं की उचलून धुवायचं, दुसरा मार्ग नाही. धुणं किचकट आहे. वरच्या निमुळत्या टोकात दही आंबून बसतं, तिथे बोट पोचत नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीचा बारीक ब्रश आणा, खेळणं साबणाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून घासा आणि मोठं भोक खाली करून वाळवा. पावसाळ्यात आत ओल राहिली तर बुरशी धरते, वास घेऊनच भरा. रबराला केस आणि धूळ चिकटते. फरशीवर ते आदळतं तेव्हा खालच्या मजल्यावर आवाज जातो, म्हणून जुनी सतरंजी अंथरा. आणि ते महाग आहे, साध्या रबरी चेंडूच्या कितीतरी पट.

पर्यायांबद्दल थोडक्यात. जुनी चप्पल देऊ नका, नवी आणि जुनी यांतला फरक पिल्लाला कळत नाही. चामड्याची वळलेली हाडं ओली होऊन सुटतात आणि मोठा तुकडा गिळला जाऊ शकतो. शिजवलेली कोंबडीची हाडं अजिबात नकोत, ती फुटून टोकदार होतात. पैसे खर्चायचे नसतील तर सुती पंचा भिजवून, पिळून, पीळ देऊन गोठवा आणि समोर बसून चावायला द्या. हिरड्यांना आराम पडतो. धागे सुटायला लागले की काढून घ्या.

शक्य असेल तर दोन घ्या, एक वापरात आणि एक फ्रीजरमध्ये, म्हणजे संध्याकाळी भरायची घाई होत नाही. दर आठवड्याला रबर वाकवून पाहा. कडेला चीर किंवा तुटलेला कपचा दिसला की टाकून द्या. सगळे कायमचे दात येऊन थोडे दिवस झाल्यावर, साधारण नवव्या महिन्याच्या सुमाराला, लाल रबराकडे वळा. त्याआधीच पिल्लू कडा कुरतडून तुकडे पाडत असेल तर तेव्हाच बदला.